रविवार माहीत असूनही

चिऊ,

काल आजीशी व्हिडिओवर बोलून झाल्यावर तू विचारलंस, "रविवारी येशू उठणार हे आजीला माहीतच आहे ना? मग शुक्रवारी ती खरंखुरं कशी रडते?" मी विषय बदलला. नंतर झोप लागली नाही. तुझ्या वयाचा असताना मलाही हेच वाटायचं, पण विचारायचं धाडस झालं नव्हतं.

नगरला उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन उपासना असायची. येशूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, आणि एकेका उद्गारावर एकेकाने बोलायचं. एप्रिलचं ऊन, घरात सगळ्यांचा उपास. मी बोटांवर उद्गार मोजत बसायचो. पाचवा उद्गार म्हणजे "मला तहान लागली आहे." मी नऊ वर्षांचा होतो त्या वर्षी तो ऐकला आणि मला राहवेना. हळूच बाहेर सटकलो, मागच्या नळाला तोंड लावून पोटभर पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो. हनुवटी ओलीच होती. आता मार बसणार, असं वाटलं. आजीने पदराने माझी हनुवटी पुसली, मग त्याच पदराने स्वतःचे डोळे.

त्याच वर्षी जानेवारीत तुझा छोटा काका गेला होता. हॉलमधल्या फोटोत माझा हात धरून उभा आहे ना, तो.

आजी म्हणायची, भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत 46 दिवस होतात, पण 6 रविवार धरायचे नाहीत, म्हणून लेंतचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाचे, दिवस 40. रविवारी शोक करायचा नाही, मग तो लेंतमधला का असेना. म्हणजे रविवार तिला सतत माहीतच होता बघ. तरी शुक्रवार यायचा, आणि त्यानंतरचा शनिवारही. त्या शनिवारी चर्चमध्ये काहीच नसायचं. आजी धान्य निवडत बसायची. निवडून झालेलं पुन्हा निवडायची.

ईस्टरच्या पहाटे आम्ही कब्रस्तानात गेलो. कबरींवर मेणबत्त्या लागल्या होत्या. काकाची कबर इतकी लहान की एकच मेणबत्ती पुरली. पाळकसाहेब म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे!" सगळे मोठ्याने म्हणाले, "खरोखर उठला आहे!" आजी खाली कबरीकडे बघून म्हणाली. हळू, पण म्हणाली. तो आवाज मी विसरलेलो नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच की आणखी काही, मला नक्की सांगता येत नाही. मी स्वतः आजीइतका विश्वास धरून आहे का, हेही ठामपणे म्हणवत नाही. इथे आल्यापासून माझे किती शुक्रवार ऑफिसच्या मेल बघण्यात गेले. त्यामुळे तू तीन तास बसलंच पाहिजेस, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण तू विचारलंस, हे मला फार बरं वाटलं.

आज शनिवार. नगरला पहाटेचे साडेपाच वाजतील तेव्हा आपल्याकडे रात्रीचा एक वाजलेला असेल. आजी त्या वेळी कबरीपाशी असेल, धाकटी आत्या फोन धरणार आहे. मी जागा आहे. तुला झोप आली तर खुशाल झोप.

बाबा