सुकामेवा भिजवा, पण वाळवायच्या भानगडीत पडू नका

डीहायड्रेटर, म्हणजे पदार्थ वाळवायचं यंत्र, घ्यावं का असं विचारलंत, तर घेऊ नका. निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

तुम्ही लिहिलंय की आयबीएससाठी (पोटदुखी, गॅस आणि शौचाच्या तक्रारींचा आतड्याचा विकार) आहारतज्ज्ञांनी भिजवलेला सुकामेवा आणि आंबवलेले पदार्थ सांगितले. परदेशी व्हिडिओ बघून तुम्ही किलोभर बदाम-अक्रोड मिठाच्या पाण्यात भिजवून पंख्याखाली वाळत घातले, ते चिवट झाले आणि कुबट वास मारू लागले. कोबीच्या बरणीवरही पांढरा थर आला. ठाण्यात, ऐन जुलैत! दुसरं काय होणार?

ती मंडळी एकदम डबाभर भिजवतात, म्हणून त्यांना वाळवावं लागतं. आपल्याला रोजचं मूठभर पुरतं. रात्री वाटीत बदाम घाला, पाण्यात चिमूटभर मीठ, सकाळी पाणी ओतून द्या, सालं काढा आणि खा. अक्रोडाचं पाणी तपकिरी होतं, तो कडवटपणा गेला म्हणून चव सुधारते. काजू मात्र दोन-तीन तासच ठेवा, रात्रभर राहिले तर बुळबुळीत होतात. (कोकणातले ओले काजूगर मिळाले तर हा प्रश्नच नाही, पण ते उन्हाळ्यात, आणि सोलताना चिकाने हात भाजतात.)

अर्धवट वाळलेला दाणा हा न भिजवलेल्या दाण्यापेक्षा वाईट. आत ओल राहिली की बुरशी धरते, आणि काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, जे भाजूनही पूर्ण जात नाही. तो किलोभर माल टाकून द्या, हळहळू नका. हिवाळ्यात वाळवायची हौस आलीच तर ओव्हन सगळ्यात मंद ठेवा आणि दाणा मोडून बघा: मधोमध कट्कन तुटला तरच डब्यात भरा.

भिजवल्याने फायटेट (दाण्यातलं, खनिजं अंगी लागू न देणारं द्रव्य) निघून जातं असं सगळीकडे सांगतात. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठात हे तपासलं, तर फरक किरकोळ निघाला, उलट थोडी खनिजंच पाण्यात गेली. माझ्या मते भिजवायचं ते दाणा मऊ पडतो, साल सुटते, बारीक वाटला जातो म्हणून. पोट नाजूक असेल तर वाटूनच खा. आयबीएसवाल्यांना खरा त्रास कुठला दाणा आणि किती, यावर ठरतो. काजू-पिस्ते फॉडमॅपमध्ये (नीट न पचता आतड्यात गॅस करणाऱ्या साखरा) जड, सध्या बाजूला ठेवा. बदाम दहाच्या आत. अक्रोड त्या मानाने निवांत.

आता कोबी. मीठ अंदाजाने घातलंत, तिथे गडबड आहे. एक किलो चिरलेल्या कोबीला 20 ते 25 ग्रॅम मीठ, काट्यावर मोजून. चांगला पाच-दहा मिनिटं चुरा, हाताखाली पाणी सुटलं पाहिजे. बरणीत दाबून भरा, वर कोबीचं आख्खं पान आणि त्यावर वजन, म्हणजे सगळं पाण्याखाली राहील. पाण्याबाहेर आलेला तुकडाच बिघडतो. पांढरा, सपाट, पातळ थर असेल तर ते बहुतेक यीस्ट, काढून टाकलं की झालं. केसाळ, हिरवं-काळं-गुलाबी काही दिसलं की बरणीसकट बाहेर, वरचं काढून खालचं खायचं नाही. व्हिडिओतले तीन-चार आठवडे 18-20 अंशांच्या घरातले आहेत. आपल्याकडे चौथ्या-पाचव्या दिवसापासून चाखायला लागा, आंबट झाला की फ्रीजमध्ये.

पण थांबा, कोबी आंबताना त्यात मॅनिटॉल (हेही एक फॉडमॅपच) तयार होतं आणि आयबीएसच्या पोटात तेच गॅस करतं. म्हणून पहिला आठवडा नुसतं बरणीतलं पाणी, एक चमचा, जेवणासोबत. मग चमचाभर कोबी. बदाम आणि कोबी एकाच आठवड्यात सुरू केलेत तर पोट कशाने फुगलं ते कळणार नाही. रक्तदाब असेल तर यातलं मीठही हिशेबात धरा. औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि शौचातून रक्त किंवा उगाच वजन उतरणं असेल तर हे सगळं राहू द्या, तपासणी करून घ्या.

इडली-डोसा आंबवलेलाच, पण वाफेवर-तव्यावर जिवाणू मरतात. पचायला हलका, एवढंच श्रेय द्या. तेलातलं कैरीचं लोणचं तर यात धरूच नका, ते मुख्यतः मीठ, तेल आणि आंबटपणावर टिकतं.

मला विचाराल तर कोबीच्या आधी दही. दूध उकळून कोमट करा, विरजण लावा आणि उबेत 24 तास ठेवा, दुधातली साखर बरीचशी जिवाणू खाऊन टाकतात. भयंकर आंबट होतं, तक्रार करू नका. तेही झेपलं नाही तर फडक्यात बांधून चक्का करा, उरलेल्या साखरेतली बरीच पाण्यासोबत गळून जाते. ते गळलेलं पाणी कणीक भिजवायला उत्तम, फक्त त्या पोळ्या घरातल्या इतरांना वाढा.