वडिलांचं स्वादुपिंड आकसलंय, आता काय?

प्रश्न: वडील ७२ वर्षांचे आहेत. जेवल्यावर पोट जड होतं, गॅस धरतो. सोनोग्राफीत स्वादुपिंड लहान झालंय आणि त्यात चरबी आहे असं आलंय. वयामुळे पाचकरस बनणं थांबलं का? एन्झाईमच्या कॅप्सूल सुरू करू का?

उत्तर: थांबलेलं नाही, आधी हे मनातून काढून टाका. साठीनंतर स्वादुपिंड थोडं आकसतं, त्यात चरबी साठते, नळी जराशी रुंदावते, बहुतेकांचं असंच होतं आणि रिपोर्टमध्ये ते वाचलं की घरचे उगाच धास्तावतात. रसही थोडा कमी होतो, म्हणजे चरबी पचवणारं लायपेज, प्रोटीन पचवणारी एन्झाईम्स आणि जठरातलं अ‍ॅसिड शमवणारं बायकार्बोनेट, सगळंच. पण या अवयवाकडे शिल्लक इतकी असते की लायपेज जवळपास १० टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय चरबी न पचता शौचातून पडायला लागत नाही, आणि नुसत्या वयाने सहसा कुणी तिथवर पोचत नाही.

म्हणून मी आधी दोनच गोष्टी विचारीन, वजन उतरतंय का आणि शौच कसं होतंय. तेलकट, फिकट, खूप वास येणारं, पाण्यावर तरंगणारं, फ्लश करूनही भांड्याला चिकटून राहणारं असेल तर ते वयाच्या नावावर खपवू नका. वडिलांना विचारायला संकोच वाटतो हे कळतं, तरी विचारा. असं असेल तर डॉक्टर शौचाची इलास्टेज टेस्ट सांगतील, म्हणजे स्वादुपिंडाचं इलास्टेज नावाचं एन्झाईम शौचात किती उतरतं ते बघतात. आकडा २०० च्या खाली आला तर स्वादुपिंड कमी पडत असल्याची शंका येते, १०० च्या खाली असेल तर ती बरीच पक्की होते, फक्त सॅम्पल अगदी पातळ असेल तर आकडा खोटा कमी येऊ शकतो. मग कारण शोधायचं: जुनी सूज, दारू, सिगारेट, खडे, गाठ. वजन उतरतंय आणि त्यातच शुगर नव्याने निघालीय असं असेल तर अजिबात थांबू नका, लगेच दाखवा.

यातलं काहीच नसेल तर गॅसचं कारण बहुतेक दुसरीकडे असतं, बद्धकोष्ठता, दूध न पचणं, किंवा शुगरच्या मेटफॉर्मिनसारखी एखादी गोळी, तेव्हा चालू औषधांची यादी डॉक्टरांना नक्की दाखवा.

कॅप्सूल स्वतःहून नको. डॉक्टरांनी दिल्याच तर जेवणाच्या पहिल्या घासांसोबत घ्यायच्या, जेवण झाल्यावर तासाभराने घेतल्या तर अन्न पुढे गेलेलं असतं आणि फायदा फारसा होत नाही.