जड ट्रिगर हलका करताना: वाचकांचे प्रश्न

मिशिगनमध्ये हरणाच्या शिकारीसाठी रुगर अमेरिकन रायफल घेतली. ट्रिगर ओढायला सात पौंडांचा जोर तरी लागतो असं वाटतं. किती हलका करावा?

आधी मोजा. बोटाला सात वाटणारा ट्रिगर गेजवर (ओढ मोजणाऱ्या काट्यावर) बऱ्याचदा पाचच भरतो. मॅगझिन काढा, चेंबर (काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. गेजचा हुक ट्रिगरच्या बाकाच्या मध्यावर लावून सरळ मागे ओढा. असं दहा वेळा करून सरासरी काढा. सरासरीपेक्षा आकड्यांमधला फरक जास्त बोलका असतो. एकदा साडेचार आणि एकदा साडेपाच येत असेल तर दोष स्प्रिंगचा नाही, आत मळ आहे किंवा काहीतरी घासतंय. मग ॲक्शन (बोल्ट आणि ट्रिगर असलेला धातूचा भाग) दस्त्यातून काढून पुन्हा मोजा. आकडा उतरला तर ट्रिगर दस्त्याला किंवा गार्डला (ट्रिगरभोवतीच्या कड्याला) टेकत होता.

तुमच्या रायफलचा ट्रिगर 3 ते 5 पौंडांत बदलता येतो. त्याचा स्क्रू ट्रिगरच्या हाउसिंगच्या (डबीच्या) पुढच्या बाजूला असतो. ॲक्शन बाहेर काढून तो पाव फेरा सैल करा आणि मोजा, मग पुढचा पाव फेरा. रायफलचं वजनच मुळात सहा पौंडांच्या आसपास, त्यामुळे पाच पौंडांची ओढ नेम हलवणारच. तीनवर मात्र घाईने जाऊ नका. नोव्हेंबरच्या थंडीत जाड हातमोज्यातून बोटाला कमी कळतं, तिथे साडेतीन बरा.

माझ्याकडे जुनी रेमिंग्टन 700 आहे. ‘स्क्रू फिरवले की झालं’ असं मित्र म्हणतो. फिरवू का?

नका फिरवू. आधी ट्रिगरचा दर्शनी भाग पाहा. त्यावर उभ्या खाचा असतील तर तो जुना वॉकर ट्रिगर. गुळगुळीत असेल तर एक्स-मार्क प्रो. 1 मे 2006 ते 9 एप्रिल 2014 या काळात बनलेल्या एक्स-मार्क प्रोंसाठी कंपनीने 2014 मध्ये रिकॉल काढला होता. जुळणीत वापरलेलं चिकटद्रव्य जास्त झाल्यास गोळी आपोआप सुटू शकत होती. अशी रायफल आधी दुरुस्त करून घ्या, तोवर वापरू नका.

वॉकरचं दुखणं वेगळं. त्यात ट्रिगरच्या पुढे कनेक्टर नावाची एक सुटी पट्टी असते. ती ट्रिगरला जोडलेली नाही, फक्त स्प्रिंगच्या जोरावर टेकलेली. दर वेळी ट्रिगर दाबला की ती किंचित सुटते आणि परत बसते. मधल्या फटीत तेलकट मळ गेला तर ती पूर्ण परत येत नाही, सिअरला (फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटणारी सुई, अडवून धरणाऱ्या तुकड्याला) पुरेसा आधार राहत नाही आणि सेफ्टी काढताच गोळी सुटू शकते. मागचा स्क्रू फिरवला की हाच आधार आणखी कमी होतो. ‘काचेसारखा तुटणारा’ ट्रिगर हवा म्हणून लोक नेमका तोच फिरवतात.

इथे स्क्रूंशी खेळण्यापेक्षा टिम्नी किंवा ट्रिगरटेक या कंपन्यांचं पूर्ण ट्रिगर युनिट बसवा. दोन पिना काढून बसतं. पिन काढताना बोल्ट स्टॉप (बोल्ट मागे निसटू न देणारा तुकडा) आणि त्याची इवलीशी स्प्रिंग सुटते, म्हणून खाली पांढरं फडकं अंथरा. स्प्रिंग गालिच्यात गेली की संध्याकाळ गेली.

नवीन युनिट बसवल्यावर ते सुरक्षित आहे हे कसं कळणार?

रायफल रिकामी, बोल्ट कॉक केलेला (फायरिंग पिन मागे ताणलेली). सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबा, सोडा, मग ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा. फायरिंग पिन पडता कामा नये. पुढे सेफ्टी काढूनच बोल्ट दहा वेळा दणकून बंद करा. शेवटी दस्त्याचा तळ एक फुटावरून जाड रबरी चटईवर आपटा आणि ॲक्शनला रबरी हातोडीचे टोले द्या. एकदा जरी पिन पडली तरी रायफल बंद कपाटात.

सिअर ऑइलस्टोनवर घासून गुळगुळीत केला तर?

सिअरचं पोलाद बऱ्याच ठिकाणी फक्त वरच्या पातळ थरात कडक केलेलं असतं. तो थर घासला की खालचं मऊ लोखंड महिन्याभरात झिजतं, आणि कोन किंचित बदलला तरी पकड घसरते. घासण्याऐवजी लायटर फ्लुइडने धुऊन कोरडं करा. आत तेल घालू नका, थंडीत ते गोठून चिकट होतं.

पुण्यात वडिलांची परवान्याची .315 रायफल आहे. ट्रिगर फार जड झालाय.

परवाना ज्याच्या नावावर आहे त्यानेच ती परवानाधारक शस्त्रदुरुस्ताकडे न्यावी. घरी उघडू नका. ही रायफल ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या घाटणीची. तिचा ट्रिगर दोन टप्प्यांचा, आधी मोकळी ओढ आणि मग घट्ट टप्पा. त्या पहिल्या टप्प्याला लोक दोष समजतात. शिवाय तिचा ट्रिगर बॉडीला नाही, गार्डला अडकवलेला असतो. लाकूड सुकून आक्रसलं की गार्डची जागा सरकते, ट्रिगर आणि सिअर यांची गाठ बिघडते. दुरुस्ताला आधी गार्डचे स्क्रू आणि लाकडाची बैठक पाहायला सांगा. स्प्रिंग कापायला निघाला तर रायफल परत आणा.