पैसे कुणी कुणाला द्यायचे?

‘कादंबरी पूर्ण झाली. प्रकाशकाची वाट पाहू, की स्वतःच काढू?’ हा प्रश्न घेऊन अनेक जण येतात. त्यातल्या एक बाई विशेष आठवतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ६ वर्षं त्या लिहीत होत्या. ४ प्रकाशकांकडे हस्तलिखित गेलं. दोघांनी नकार कळवला, दोघांनी काहीच नाही. पाचव्याने स्वीकारलं, करारही पाठवला. तरी त्यांची झोप उडाली होती.

मी वकील नाही, करार तपासणं माझं काम नव्हे. मी एवढंच विचारलं, “यात पैसे कुणी कुणाला द्यायचे आहेत?”

छपाई, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, सगळा खर्च बाईंचा. हक्क मात्र प्रकाशकाकडे, तेही मुदतीशिवाय. पारंपरिक प्रकाशनात पैसा प्रकाशक घालतो आणि विक्रीवर लेखकाला रॉयल्टी देतो. स्वयंप्रकाशनात खर्च आपला, पण हक्क आणि निर्णयही आपलेच. अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशनाच्या सेवेवर ई-पुस्तकाला अटींनुसार ३५ किंवा ७० टक्के रॉयल्टी मिळते. बाईंना आलेल्या करारात खर्च त्यांचा होता आणि हक्कही हातचे जाणार होते.

“मला कळत होतं हो,” त्या हळूच म्हणाल्या. “पण ‘स्वीकृत’ हा शब्द इतक्या वर्षांनी वाचला.”

मग करार बाजूला राहिला आणि आम्ही त्या शब्दाबद्दलच बोलत राहिलो. नकार पचवत असताना माणूस मार्ग निवडत नाही, जखमेवर हात ठेवणारा कुणीतरी शोधतो. म्हणून मी महिनाभर काहीच न ठरवण्याचा आग्रह धरला. स्वतः काढणंही नाही, कारण रागाच्या भरात काढलेलं पुस्तक बहुतेकदा संपादनाविना बाहेर पडतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

पुढच्या भेटीत विचारलं, “पुस्तक आल्यावरचे ६ महिने रोज काय करायला आवडेल?” संपादक शोधणं, मुखपृष्ठावर वाद घालणं, यावर त्यांचे डोळे चमकले. वाचकांना ‘घ्या’ म्हणायचं म्हटल्यावर मान खाली गेली. स्वयंप्रकाशनात हेही आपल्यालाच करावं लागतं. तो पेच अजून सुटलेला नाही.

सध्या एक संपादक पहिली ५० पानं वाचत आहेत. त्या करारावर मात्र बाईंनी उत्तर पाठवलं, दोन ओळींचं. या वेळी नकार त्यांनी लिहिला होता.