एकाच घरात एक सुटतंय, एक वाळतंय

सप्रेम नमस्कार काकू,

आम्ही मूळचे इंदूरचे, माझं माहेर लोकमान्य नगरातलं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे स्टुटगार्टला आलो. आले तेव्हा माझं वजन 61 किलो होतं, आता 70 आहे. वय 31, उंची पाच फूट दोन इंच. नवरा मात्र काही न करता 74 वरून 67 वर आलाय. व्हिडिओ कॉलवर सगळे त्याचं कौतुक करतात, "छान बारीक झालास" म्हणतात, आणि मला म्हणतात, "परदेश मानवला हं!" फोन ठेवला की मला रडू येतं. मध्यंतरी भात-पोळी सोडून महिनाभर सॅलडवर राहिले. दोन किलो उतरलं, पुढच्या तीन आठवड्यांत परत आलं. जर्मनचा क्लास आठवड्यातून दोनच दिवस, बाकी दिवसभर मी घरी. दुपारी तीनला आईचा फोन येतो, तेवढाच आधार. हिवाळ्यात साडेचारला अंधार होतो आणि मग बाहेर पडावंसंच वाटत नाही. काय करू?

तुझीच,
एक इंदूरकर

बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझ्या नवऱ्याच्या त्या सात किलोंपाशी थबकले. म्हणून आधी त्याच्याबद्दल लिहिते.

प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. 74 किलोचे पाच टक्के म्हणजे पावणेचार किलोसुद्धा होत नाहीत. त्याचे सात गेलेत. मी तीस वर्षं इंदूरच्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं. "छान बारीक झालात" असं कौतुक ऐकत ऐकत साखर चारशेवर गेलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसली आहेत. आपल्या लोकांना मधुमेह गोऱ्या लोकांपेक्षा कमी वयात आणि कमी वजनातही गाठतो. त्याला तहान जास्त लागते का, रात्री लघवीला उठावं लागतं का, थकवा येतो का, हात थरथरतात का, हे विचार. उत्तर काहीही येवो, याच आठवड्यात तुमच्या हाऊसआर्त्स्टची, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांची, वेळ घ्या. साखर, थायरॉइड आणि रक्ताच्या साध्या तपासण्या करून घ्या. घाबरू नकोस, पण पुढेही ढकलू नका.

पुष्कळदा कारण साधंही निघतं. तो दुपारी जेवतो का, हे कधी विचारलंस? माझा भाचा तिकडे गेला तेव्हा पाच-सहा महिने दुपारी एका ब्रेत्झेलवर, म्हणजे तिकडच्या वेटोळ्या पावावर, राहिला. डबा न्यायचा नाही, कारण मायक्रोवेव्हमध्ये गरम केला की फोडणीचा वास सगळ्या मजल्यावर पसरेल ही धास्ती. कँटीनमध्ये शाकाहारी म्हणून चीजमधल्या शेवया, त्या रोज जात नसत. घरी कुणाला सांगितलंही नाही. नवराही असंच करत असेल तर त्याला गरम न करता खाता येईल असा डबा दे: थालीपीठ, मुगाचं धिरडं, कोरडी मटकीची उसळ, दहीभात. संकोचापायी माणसाने उपाशी राहावं, हे मला फार लागतं.

आता तुझं. इंदूरला असताना तू वजन कमी करायला काय करायचीस? बहुधा काहीच नाही. पण भाजीला चालत जायचीस, राजवाड्याच्या बाजारात दुकानं पालथी घालायचीस, जिने चढून मैत्रिणीकडे जायचीस. ते चालणं कुणी मोजत नव्हतं. तिकडे ते एका झटक्यात थांबलं आणि त्या रिकाम्या जागी लांबलचक, एकटी दुपार आली. तू भात सोडलास, दुपार तशीच राहिली. म्हणून वजन परत आलं.

तुझ्याच पत्रात मला एक वाट दिसते. आई दिवेलागण झाली की फोन करते ना? हिवाळ्यात आपण जर्मनीच्या साडेचार तास पुढे असतो. इथले साडेसात म्हणजे तुझे दुपारचे तीन. डिसेंबरातही तेव्हा तुझ्याकडे तासाभराहून जास्त उजेड असतो. तो फोन घरात घ्यायचा नाही. पावणेतीनला बूट घालून दाराबाहेर उभी राहा, कानात इअरफोन, आणि आईशी बोलत चाल. पाऊणएक तास तुम्ही सहज बोलता, हो ना? आठवड्याला दीडशे मिनिटं चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तू चार दिवस आईशी बोललीस की तेवढं भरलं. मार्चअखेर तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली की तोच फोन चारला येईल, पण तोवर दिवस बराच मोठा झालेला असतो.

आणि स्टुटगार्टसारखं गाव मिळालंय तुला! शहर वाडग्यासारख्या दरीत, चहूबाजूंनी द्राक्षमळ्यांचे उतार, आणि त्यांवरून वर जाणारे पायऱ्या-पायऱ्यांचे रस्ते, तेही चारशेहून जास्त. तिथे त्यांना श्टेफेले म्हणतात. फोन संपला की त्यातला एक रस्ता आठवड्यातून दोनदा चढ. पहिल्या दिवशी धाप लागेल. थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा चढायचं.

खाण्याचं सांगते. पोहे सोडू नकोस. आपल्या इंदुरी पोह्यांत तेल बेताचंच असतं, ते गरम पाण्याच्या भांड्यावर वाफेवर ठेवलेले असतात. वजन वाढतं ते वरून पडणाऱ्या मूठभर शेवेने आणि शेजारच्या जिलबीने. जीरावन मसाला मात्र खुशाल घाल. आणि आता खरं सांग, फोनवर बोलताना मांडीवर शेवेचं पाकीट असतं ना? इंदूरहून कुणीही निघालं की आई त्याच्या बॅगेत शेव-चिवडा कोंबणार. ती माया आहे, तिला नको म्हणू नकोस. पण 100 ग्रॅम शेवेत साधारण साडेपाचशे कॅलरी असतात, म्हणजे पाचेक पोळ्यांइतक्या, आणि बोलण्याच्या नादात शंभर ग्रॅम कधी संपतात ते कळत नाही. पाकिटातून खायचं नाही. दोन चमचे वाटीत काढायची, पाकीट बांधून कपाटात वर ठेवायचं. आईला सांग, पुढच्या वेळी शेव अर्धी आणि भाजणीचं पीठ जास्त पाठव.

दुपारी एकटी असलीस तरी ताट वाढून, बसून जेव. ओट्याशी उभ्याने उरलंसुरलं खाल्लं की पोट भरत नाही, आणि संध्याकाळी तो आला की दोघांचं जेवण तू एकटीच भरून काढतेस. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, दीड पोळी, आणि डाळ किंवा उसळ घट्ट. तिकडे मसूर डाळ लाल मसूर म्हणून सगळीकडे मिळते. मागरक्वार्क नावाचा बिनसायीचा चक्का मिळतो, त्याच्या 100 ग्रॅममध्ये 12 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि स्निग्धांश जवळजवळ नाही. शाकाहारी माणसाला याहून सोपं काय हवं? जिरेपूड, मीठ, कोथिंबीर घालून थालिपीठाबरोबर घे. श्रीखंड मात्र सणालाच.

तुझी थायरॉइड आणि ड जीवनसत्त्वाची तपासणीही करून घे. तिकडे ऑक्टोबर ते मार्च ऊन पुरेसं नसतं. पाळी अनियमित झाली असेल तर डॉक्टरांना सांग. रडू येणं रोजचं झालं असेल, झोप उडाली असेल, तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांग. तोही आजारच आहे आणि त्यावर उपचार आहेत. तुमची क्रांकनकासे, म्हणजे आरोग्य विमा संस्था, व्यायामाच्या आणि आहाराच्या मान्यताप्राप्त वर्गांचे बरेचसे पैसे परत देते, चौकशी कर. वर्गात चार बायका भेटतील, जर्मनही सुधारेल.

आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त उतरवायची घाई नको. आधी साडेतीन किलो कमी कर, तेवढ्यानेही साखर आणि रक्तदाबाला फरक पडतो. वजनाचा काटा आठवड्यातून एकदाच, सोमवारी सकाळी. कंबर टेपने मोज. आपल्या बायकांसाठी 80 सेंटीमीटरच्या आत असावी.

"परदेश मानवला" म्हणणाऱ्यांना पुढच्या वेळी सरळ सांग, "मला हे ऐकून वाईट वाटतं." त्यात उद्धटपणा काही नाही. आणि पुढच्या पत्रात त्याचे रिपोर्ट काय आले ते आधी लिही, तुझं वजन नंतर.

तुझी काकू