ताई, एचआर घेऊ की फायनान्स?

प्रश्न : ताई, मी बीकॉम करून पुण्यात एमबीएला ॲडमिशन घेतलंय, पहिलं सेम संपत आलंय आणि पुढच्या महिन्यात स्पेशलायझेशनचा फॉर्म भरायचाय. मला माणसांशी बोलायला आवडतं म्हणून एचआर घ्यायचंय. पप्पा साखर कारखान्यात अकाउंट्सला आहेत, ते म्हणतात बीकॉम झालंय तर फायनान्सच घे. मामा म्हणतो एचआर मुलींना सेफ. हॉस्टेलवरची सिनियर म्हणते दोन्ही सोड, सध्या स्कोप बिझनेस ॲनालिटिक्सला आहे. एकदा फॉर्म भरला की बदलता येत नाही असं सर म्हणाले. रात्र रात्र झोप लागत नाही. – एक वाचक, कराड

उत्तर : अगं, झोप उडवून घेण्याएवढं नाहीये हे. पण तुझ्या पत्रातली एक ओळ मला खटकली ती आधी सांगते. ‘माणसांशी बोलायला आवडतं म्हणून एचआर’. मी इंटरव्ह्यू घ्यायला बसायचे तेव्हा दहातली आठ मुलं हेच सांगायची आणि त्यातल्या फार थोड्यांनी एचआरचं काम जवळून बघितलेलं असायचं.

मी चाकणच्या एका प्लांटमध्ये बारा वर्षं एचआरला होते. तिथला एक दिवस सांगते. शिफ्ट सुटल्यावर एक कॉन्ट्रॅक्टवरचा कामगार खिडकीशी आला, हातात मोबाईल, बहिणीच्या लग्नासाठी पीएफ काढायचा होता आणि क्लेम रिजेक्ट झालेला. का, तर नावात फरक. पोराचं नाव ज्ञानेश्वर, आधारवर इंग्रजीत स्पेलिंग डी-एन-वाय ने सुरू होणारं आणि पीएफच्या रेकॉर्डला कुणीतरी जी-वाय ने टाकलेलं. एवढंच. मग जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे नाव दुरुस्तीचा कामगार आणि कंपनी दोघांचा अर्ज, भरा, कागद जोडा, कॉन्ट्रॅक्टरच्या मागे लागा, पोर्टलवर अडकलं की परत पाठवा, आणि तो रोज शिफ्ट सुटली की खिडकीशी येऊन ‘मॅडम झालं का’ विचारणार. लग्नाच्या चार दिवस आधी पैसे जमा झाले. त्यात त्याच्याशी बोलणं सगळं मिळून अर्ध्या तासाचं असेल, बाकी सगळं कागद, आकडे आणि पाठपुरावा. हे वाचून तुला वाटलं की ‘हे मला करायचंय, त्याचे पैसे अडकता कामा नयेत’, तर एचआर तुझं आहे. कंटाळा आला असेल तर तेही आत्ताच कळलेलं चांगलं.

आता पप्पांचं. ते चुकीचं बोलत नाहीयेत, फक्त त्यांना वाटतंय की एचआर घेतलं की बीकॉम वाया जाणार आणि ते तसं होत नाही, उलट एचआरमध्ये आकडेवाल्या माणसांची वानवा आहे. पगारपत्रक म्हणजे पेरोल, तो कुणाला धड येत नाही. पीएफ 12 टक्के कशावर कापायचा, ईएसआय म्हणजे कामगार विम्याचा हप्ता कामगाराचा 0.75 आणि कंपनीचा 3.25 टक्के, ग्रॅच्युइटी कशी काढायची. समजा शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) 26,000 आणि नोकरी 10 वर्षं, तर 26 ने भागून 15 ने गुणायचं म्हणजे 15,000, गुणिले दहा, दीड लाख झाले. तुला हे दोन मिनिटांत जमेल पण एचआरच्या कित्येक मुलांना घाम फुटतो. आणि आत्ता तर जास्तच, कारण 21 नोव्हेंबर 2025 पासून जुने 29 कामगार कायदे जाऊन चार लेबर कोड लागू झालेत. पगारातले भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग ‘वेजेस’मध्येच, म्हणजे पीएफ-ग्रॅच्युइटी ज्या पगारावर काढतात त्यातच, धरायचा, फिक्स्ड टर्मवाल्याला म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घेतलेल्याला एका वर्षाच्या नोकरीवर ग्रॅच्युइटी, म्हणजे सॅलरी स्ट्रक्चर परत मांडून बसणं आलं. कायदा वाचू शकणारी आणि एक्सेलमध्ये मांडू शकणारी मुलगी आज कुठल्याही प्लांटला हवीये. पप्पांना हे असंच समजावून सांग, अकाउंट्सच्या माणसाला लगेच पटेल.

फायनान्सबद्दल एक खरं बोलते. कॅम्पसला ‘फायनान्स’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच नोकऱ्या प्रत्यक्षात विक्रीच्या असतात. खाती उघडा, विमा विका, लोनचं महिन्याचं टार्गेट. काम वाईट नाही पण ताळेबंद आवडतो म्हणून फायनान्स घेतलेल्या पोरांचा तिथे जीव जातो. तसंच एचआरचंही आहे, बऱ्याच पोरींना कन्सल्टन्सीत रिक्रूटरची नोकरी मिळते, म्हणजे दिवसभर फोन, ‘सर जॉब चेंज बघताय का’. म्हणून कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला पॅकेज विचारू नकोस. हुद्दा विचार. मागच्या दोन बॅचमधली एचआरची मुलं कुठल्या डेसिग्नेशनवर लागली, त्यातली किती प्लांटला गेली. आणि त्यांच्यातल्या दोघांना स्वतः फोन कर.

ॲनालिटिक्सवर मी फार बोलणार नाही. एसक्यूएल, पॉवर बीआय ही डेटा काढायची आणि चार्ट मांडायची साधनं शिकून घे, कुठलंही स्पेशलायझेशन असलं तरी कामी येतं, पण तिथे तुझ्या शेजारी कोडिंग येणारे इंजिनियर बसलेले असणार आणि कुठलातरी विषय आतून कळल्याशिवाय नुसत्या चार्टला किंमत नसते. कॉलेज दुसरा विषय मायनर म्हणून देत असेल तर घे की, चांगलंच आहे.

मामांचं ‘सेफ’ मात्र मनातून काढूनच टाक. थर्ड शिफ्टला कुणाचा हात मशीनमध्ये आला तर रात्री दोनला हॉस्पिटलमध्ये एचआरच उभं असतं. गेटवर कामगार बसले तर त्यांच्यासमोर जाऊन बोलणारंही एचआरच. मी गेलेय. भीती वाटते. पण मुली हे करतात आणि उत्तम करतात, म्हणून घ्यायचं तर हे काम म्हणून घे, मुलगी आहेस म्हणून नको.

फॉर्मला महिना आहे ना, मग एक कर. हंगाम चालू आहे, पप्पांना सांगून कारखान्याच्या टाईम ऑफिसला दोन दिवस बसायला मिळतंय का बघ. एचआर हा शब्द यायच्या आधीपासून हे काम तिथेच चालतं. हजेरी, ओव्हरटाईम, हंगामी कामगारांच्या याद्या, ऑफ सीझनचा रिटेन्शन अलाउन्स (हंगाम नसताना हंगामी कामगाराला मिळणारा भत्ता), सगळं. वही घेऊन बस, कोण काय विचारायला येतं ते लिही. मग एक दिवस पप्पांच्या टेबलाशी बस. कुठे वेळ पटकन गेला ते तुझं तुलाच कळेल. माझं मत विचारशील तर तुझ्या जागी मी एचआर घेतलं असतं, समर इंटर्नशिप कंपनीच्या पेरोलमध्ये केली असती आणि प्लांटला जायचं ठरलं तर पुढे लेबर लॉ आणि लेबर वेल्फेअरचा डिप्लोमा केला असता, आपल्याकडच्या एमआयडीसीतल्या जाहिरातींत तो बऱ्याचदा मागतात.

प्रश्न : मेकॅनिकल डिप्लोमा नंतर बीई, वाळूजला चार वर्षं प्रॉडक्शनमध्ये आहे. एमबीए करायचंय. ऑपरेशन्स घेतलं तर परत शॉप फ्लोअरलाच जाईन का? मार्केटिंग घेऊन वेगळं काहीतरी करावं असं वाटतं. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : शॉप फ्लोअरचा कंटाळा आलाय की तिथल्या शिफ्टचा, हे आधी ठरव भावा. दोन्ही वेगळं आहे. शिफ्टचा असेल तर ऑपरेशन्समध्ये परचेस, प्लॅनिंग, व्हेंडर डेव्हलपमेंट, न्हावाशेवाला कंटेनर अडकला की लाइन कशी चालू ठेवायची हे बघणारी सप्लाय चेन, एवढं सगळं आहे आणि त्यात तुझी चार वर्षं मोजली जातात. मार्केटिंग घेतलंस तरी इंजिनियरिंगचा माल विकणाऱ्या कंपन्यांकडेच बघ. कटिंग टूल विकायला गेल्यावर समोरचा मॅनेजर विचारतो सायकल टाईम, म्हणजे एक नग बनायला लागणारा वेळ, किती कमी होईल, याचं उत्तर तू उभ्या उभ्या देशील. साबण-बिस्किटाच्या मार्केटिंगला गेलास तर शून्यापासून सुरुवात, तेवढी तयारी असेल तरच जा.

प्रश्न : मी बीएएमएस आहे, लग्नानंतर तीन वर्षं एका हॉस्पिटलला आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून नाईट ड्युट्या केल्या. आता हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन करावं असं वाटतं. त्यातही क्वालिटी, ऑपरेशन्स, इन्शुरन्स असे भाग आहेत म्हणे. घरचे म्हणतात डॉक्टर होऊन ऑफिसात बसणार का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : डॉक्टर, तुम्ही ऑफिसात बसणार नाही, दिवसभर जिने चढणार आहात. या कोर्सला बीएएमएस, बीएचएमएस, डेंटलचे बरेच जण येतात, मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटला म्हणजे टिसला तर हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची वेगळी मास्टर्स डिग्रीच आहे.

क्वालिटी म्हणजे मुख्यतः एनएबीएचचं, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या संस्थेच्या निकषांचं काम. प्रत्येक गोष्टीची लेखी पद्धत, इन्फेक्शनचे आकडे, औषध चुकीचं दिलं गेलं तर दडपायचं नाही, नोंदवायचं. तुम्ही नाईटला केसपेपर लिहिलेत, कुठे शॉर्टकट मारले जातात ते तुम्हाला माहितीये, म्हणून मला हा भाग तुमच्यासाठी सगळ्यात योग्य वाटतो.

इन्शुरन्सचं कामही कमी समजू नका. सकाळी राऊंडला ‘आज डिस्चार्ज’ सांगितलं जातं आणि नातेवाईक पिशव्या भरून संध्याकाळपर्यंत बसलेले असतात, कारण टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीचं, अप्रूव्हल नाही. विमा नियामक इर्डाच्या 2024 च्या सर्क्युलरप्रमाणे डिस्चार्जच्या वेळचं कॅशलेस अप्रूव्हल तीन तासांत यायला हवं, पण डिस्चार्ज समरीच दुपारी टाईप झाली तर घड्याळ सुरूच उशिरा होतं. जनआरोग्य योजनेच्या केसेसमध्येही तेच, प्री-ऑथला म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीला कुठला रिपोर्ट जोडायचा राहिला की पेशंट ताटकळतो. डॉक्टरची भाषा आणि क्लेमची भाषा दोन्ही येणारं माणूस तिथे बसलं तर किती जणांचा दिवस वाचतो बघा.

ॲडमिशन घ्यायच्या आधी आत्ताच्याच हॉस्पिटलला विचारून एक आठवडा डे ड्युटी मागा आणि रोज एका डिस्चार्जच्या मागे फिरा. ऑर्डर किती वाजता, समरी किती वाजता, फार्मसी क्लिअरन्स, बिल, अप्रूव्हल, गाडी. वेळा लिहून ठेवा. तो कागद घेऊनच ॲडमिशनच्या इंटरव्ह्यूला जा.