रास्पबेरी पाय 4 वर निऑनचा कोड साध्या कोडपेक्षा जेमतेमच वेगवान का दिसतो?

तुमचा प्रश्न असा आहे: फोटो लहान करण्यासाठी निऑन (प्रोसेसरची अनेक बाइट एकदम हाताळण्याची सोय) वापरून लिहिलेला कोड रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणक-बोर्डावर साध्या कोडच्या जेमतेम पुढे आहे आणि दर वेळी आकडा वेगळा येतो. मी ऐरोलीत गच्चीखालच्या मजल्यावर राहतो, खाडीवरच्या फ्लेमिंगोंचे फोटो याच बोर्डावर लहान करतो. मे महिन्यात मीही इथेच अडकलो होतो.

आकडे हलतात ते बहुधा उष्णतेने. प्रोसेसर 80 अंशांवर गेला की स्वतःच वेग उतरवतो. साधा कोड गार बोर्डावर आणि त्यामागून निऑनचा तापलेल्या बोर्डावर चालवलात, तर निऑनवर अन्यायच होणार. मी पंखा लावून दोन्ही आलटून पालटून तीस-तीस वेळा चालवतो आणि मधला आकडा धरतो. सरासरी नाही, कारण एखादी संथ फेरीही ती बिघडवते. शेवटी व्हीसीजेनसीएमडी या आज्ञेला गेट थ्रॉटल्ड, म्हणजे वेग उतरवला होता का, ते विचारा. उत्तर शून्य नसेल तर मोजणी टाकून द्या. मोबाइलच्या चार्जरवर बोर्ड चालवत असाल तर व्होल्टेज पडल्याची खूणही तिथेच दिसेल. ती रीबूटपर्यंत पुसली जात नाही, म्हणून प्रत्येक मोजणी रीबूट करूनच सुरू करा.

आता खरा मुद्दा. तुम्ही नक्की काय मोजताय? जेपेग उघडण्याचा वेळ त्यात धरला असेल तर निऑनचा फायदा त्याखाली बुडतो. तो वेगळा काढा. तरीही फरक कमीच दिसेल, कारण 4000 बाय 3000 चा फोटो उघडल्यावर 36 एमबी होतो आणि या चिपची एल2 कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) आहे 1 एमबी. निऑन एका दमात 16 बाइट हाताळतं खरं, पण ते बाइट रॅममधून येईपर्यंत त्याला थांबावंच लागतं. हे तपासायला 400 बाय 300 चा तुकडा घ्या, तो कॅशमध्ये मावतो. तिथे निऑन लांब पुढे गेलं तर तुमचा कोड चांगला आहे, अडथळा मेमरीचा आहे.

गेटकॉन्फ लाँग बिट ही आज्ञा चालवून 32 येतंय का, म्हणजे तुमची ओएस 32 बिटची आहे का, तेही बघा. 32 बिटच्या रास्पबेरी पाय ओएसवर लायब्रऱ्या जुन्या एआरएमव्ही6 प्रोसेसरांसाठी बांधलेल्या असतात, कंपायलर आपणहून निऑन वापरत नाही. युनेम या आज्ञेवर विसंबू नका, ती फक्त कर्नलचं, म्हणजे ओएसच्या गाभ्याचं सांगते.

आणि तुम्हाला केवळ छोटे फोटो हवे असतील, तर जेपेग उघडणाऱ्या लिबजेपेग-टर्बो लायब्ररीला उघडतानाच एक अष्टमांश करायला सांगा. 4000 चे थेट 500 पिक्सेल मिळतात, 36 एमबी उलगडावेच लागत नाहीत. माझं काम यानेच भागलं.

निऑन आणि साधा कोड यांची तुलना करताना फिल्टर (नवा पिक्सेल काढायची पद्धत) मात्र दोन्हीकडे एकच ठेवा. साधं बायलिनिअर आठपट लहान करताना प्रत्येक नव्या पिक्सेलसाठी फक्त चार पिक्सेल बघतं, बाकीचे सोडून देतं. वेग छान दिसतो, पण फ्लेमिंगोचे बारीक पाय तुटक येतात.